आरमार, आर्मी आणि अलमारी : एका लॅटिन शब्दाचा भिवंडीच्या खाडीपर्यंतचा प्रवास

कल्याण-भिवंडी हें जोडनांव मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकास १६५७ सालामुळें चांगलें परिचयाचें आहे. त्या सालच्या ऑक्टोबर महिन्यांत विजापूरकरांच्या अमलाखालील हीं दोन्ही ठाणीं शिवाजी महाराजांनीं हस्तगत केलीं. उत्तर कोंकणाचा दरवाजा उघडला, आणि पुढच्या दोन वर्षांच्या आंत तेथील खाडींत महाराजांचीं लढाऊ जहाजें उभीं राहूं लागलीं. अशा जहाजांच्या समुदायास मराठींत जें नांव रूढ झालें तें आरमार. हा शब्द आपण इतक्या आपलेपणानें उच्चारतों कीं तो परका असेल अशी शंकाही बहुतेकांस येत नाहीं. ज्यांस ती येते ते इंग्रजी आर्मी या शब्दाकडे बोट दाखवून मोकळे होतात. पहिला समज तर चुकीचा आहेच. पण संशोधकाच्या दृष्टीनें दुसरा अधिक घातक आहे.

घातक अशासाठीं कीं, जुन्या कागदांची पारख करतांना परकीय शब्दांचा आधार आपण सर्वजण घेतों. फारशी शब्दांच्या प्रमाणावरून मराठी पत्रांचा काळ अजमावण्याची दिशा राजवाड्यांनीं दाखवून दिली, आणि १९२५ साली माधवराव पटवर्धनांचा फारशी-मराठी कोश निघाल्यापासून तें काम पुष्कळ सुकर झालें. युरोपीय शब्दांच्या बाबतींत मात्र अजूनही ढोबळपणानें विचार होतो. शब्द युरोपीय दिसला कीं तो इंग्रजी, इंग्रजी म्हटला कीं तो १८१८ नंतरचा, आणि तसा शब्द ज्यांत आला तो शिवकालीन म्हणविणारा कागद बनावट, अशी अनुमानांची साखळी पुष्कळदां ऐकूं येते. या साखळीचा पहिलाच दुवा कच्चा आहे. आरमार हा शब्द लॅटिन कुळांतला आहे आणि आर्मी हें त्याचें सख्खें भावंड आहे, हें खरें. परंतु तो आपल्याकडे इंग्रजांच्या हातून आलेला नाहीं. तो कोणत्या वाटेनें आला हें त्याच्या रूपावरूनच दाखवितां येतें.

मूळ शब्द लॅटिन आर्मा. हा त्या भाषेंत नेहमीं अनेकवचनी व नपुंसकलिंगी चालतो. व्हर्जिल कवीच्या महाकाव्याचा पहिलाच शब्द हा असल्यामुळें त्याचा शस्त्रें हा अर्थ सर्वांच्या तोंडीं बसला. पण त्याच कवीनें शेतकऱ्याच्या अवजारांस आणि धान्य दळून भाकरी करण्याच्या साधनांसही हाच शब्द योजला आहे. जहाजाचा दोरखंड-शिडांचा सरंजामही आर्मा या शब्दांत येई. थोडक्यांत, एखाद्या कामासाठीं नीट बसतीं केलेलीं साधनें हा त्याचा व्यापक अर्थ, व शस्त्रें हा त्यांतला एक. मराठी वाचकास हें समजावून सांगण्याची फारशी जरुरी नाहीं. आपला हत्यार शब्द अगदीं असाच आहे. शिपायाचें हत्यार म्हणजे तलवार, सुताराचें हत्यार म्हणजे वांकस आणि पटाशी. खंडेनवमीस सरदाराच्या घरीं तलवारीची पूजा होते आणि सुताराच्या घरीं करवतीची होते, तींत कोणास विसंगति वाटत नाहीं.

ज्या मूळ धातूपासून हा शब्द निघाला त्याचा अर्थ जुळविणें, बसविणें असा भाषाशास्त्रज्ञ देतात, आणि संस्कृतांतील अरम् हें अव्यय त्याच धातूशीं जोडतात. ऋग्वेदांत अरंकृत असें रूप आढळतें. पुढें र चा ल होऊन अलम् झालें, व त्यापासून अलंकार. म्हणजे रोमन शिपायाचें शस्त्र आणि आपल्या साहित्यशास्त्रांतील अलंकार यांचें गोत्र फार दूरवर एक निघतें. इंग्रजींत हाताला जो आर्म म्हणतात तोही याच दूरच्या कुळांतला. पण तो त्या भाषेंत लॅटिनांतून आलेला नसून तिच्या जर्मानिक मूळचाच आहे. शस्त्रवाचक आर्म्स मात्र लॅटिनचा. इंग्रजींत ही दोन निरनिराळीं घराणीं एकाच वेषांत वावरतात, म्हणून कोश चाळतांना फसगत होण्याचा संभव आहे.

आर्मा वरून आर्मारे, म्हणजे शस्त्रसज्ज करणें, असें क्रियापद झालें. आणि त्याच्या भूतकाळवाचक धातुसाधिताचें स्त्रीलिंगी रूप आर्माता, म्हणजे सज्ज केलेली. काय सज्ज केलेलें, हें विशेष्य पुढें गळालें, आणि विशेषण एकटेंच नाम होऊन बसलें. हेंच रूप लॅटिनच्या मुली म्हणविणाऱ्या भाषांनीं आपापल्या परीनें घेतलें. इटालियनांत आर्माता, स्पॅनिश व पोर्तुगीजांत आर्मादा, फ्रेंचांत आर्मे. अर्थाची वांटणी मात्र गंमतीची झाली. इटालियनांनीं तो जमिनीवरच्या व पाण्यावरच्या दोन्ही सैन्यांस लावला, स्पॅनिश-पोर्तुगीजांनीं मुख्यत्वें पाण्यावर ठेवला, आणि फ्रेंचांनीं जमिनीवर उतरविला.

इंग्रजींतील आर्मी हा फ्रेंच आर्मे पासून चौदाव्या शतकांत आला. आज त्याचा अर्थ भूसेना एवढाच असला तरी आरंभीं तसें नव्हतें; समुद्रावरील शस्त्रसज्ज स्वारीस आणि प्रत्यक्ष जहाजांच्या ताफ्यासही तो लावीत. चॉसर कवीच्या कँटरबरीच्या कथांच्या प्रस्तावनेंत सरदाराचें वर्णन आहे, तेथें भूमध्य समुद्रावरील स्वाऱ्यांच्या संबंधानें हा शब्द येतो. आमच्या वाचकांस विशेष रुचेल अशी गोष्ट ही कीं, त्या ठिकाणीं सर्व हस्तलिखितांचा पाठ एक नाहीं. कांहींत आर्मी या अर्थाचें जुनें रूप आहे, तर कांहींत किनाऱ्यास लागणें, उतरणें या अर्थाचा दुसराच शब्द आहे. त्या काळच्या लेखनांत एम हें अक्षर तीन उभ्या रेघांचें, आणि आय व यू (किंवा व्ही) मिळूनही रेघा तीनच. नकलकाराची नजर जरा ढळली कीं एकाचें दुसरें व्हावयाचें. मोडींतील जोडाक्षरांशीं झुंजणाऱ्या आपल्या माणसांस हें दुःख नवें नाहीं.

त्यानंतर सोळाव्या शतकांत इंग्रजांनीं तोच शब्द स्पॅनिशांकडून पुन्हां घेतला, आणि १५८८ सालच्या स्वारीमुळें तो त्यांच्या इतिहासांत कायमचा कोरला गेला. ही स्पॅनिश स्वारी निघाली ती लिस्बनहून. कारण १५८० पासून १६४० पर्यंत स्पेन व पोर्तुगाल यांचा राजा एकच होता. गोवा आणि वसई हींही त्या काळीं त्याच राजाच्या छत्राखालीं होतीं. ज्या बंदरांतून इंग्लंडावर आर्मादा निघाली, त्याच बंदरांतून दरसाल हिंदुस्थानाकडेही आर्मादा निघत असे. लंडनला जो शब्द भयसूचक वाटला, तो वसईच्या खाडींत तोंवर दोन पिढ्या नित्याचा झालेला होता.

आतां आपल्याकडे वळूं. वसई १५३४ साली गुजराथच्या बहादूरशहानें पोर्तुगीजांस दिली, आणि १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं ती घेईपर्यंत ती त्यांच्याकडे होती. भिवंडी कामवारी नदीच्या कांठीं आहे, कल्याण उल्हास नदीच्या. या दोन्ही ठिकाणांहून समुद्रावर जावयाचें तर वसईची खाडी ही वाट. तिच्या मुखाशीं वसईचा कोट, आणि अलीकडे ठाणें, तेंही १७३७ पर्यंत पोर्तुगीजांचेंच. भिवंडी-कल्याणच्या व्यापाऱ्यास, खलाशास व सुतारास फिरंग्यांशीं बोलल्यावांचून गत्यंतर नव्हतें. गोव्याहून उत्तरेकडे व्यापारी जहाजांच्या रक्षणासाठीं पोर्तुगीजांचा जो ताफा फिरे त्याचें नांवच उत्तरेची आर्मादा असें होतें. हा शब्द कोंकणच्या कानांवर पडत होता तो ग्रंथांतून नव्हे, तर बंदरांतून.

१६५९ च्या ऑगस्ट महिन्यांत गोव्याच्या पोर्तुगीज राज्यमंडळापुढें वसईकडील एक बातमी आली. शहाजीच्या मुलानें वसई व चौल यांच्या लगतचा मुलूख घेतला असून भिवंडी, कल्याण आणि पनवेल या बंदरांत कांहीं लढाऊ जहाजें बांधलीं आहेत, सबब सावध असावें आणि तीं जहाजें बंदराबाहेर पडूं देऊं नयेत, असा त्या बैठकीचा रोख. गोव्याच्या दफ्तरखान्यांतील असे कागद पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर यांनीं उजेडांत आणले नसते, तर मराठ्यांच्या आरमाराच्या प्रारंभाविषयीं आपण बखरींच्या आंकड्यांवरच विसंबून राहिलों असतों. त्या कागदांवरून दुसरीही एक गोष्ट कळते. जहाजबांधणीच्या या कामावर रुई लैतांव व्हियेगस नांवाचा पोर्तुगीज व त्याचे जातभाई होते. आणि वसईच्या कप्तानानें त्यांस वळवून परत नेलें. कारागीर गेले, पण बांधणी थांबली नाहीं, आणि जो शब्द ते बोलत होते तो मागें राहिला.

हा शब्द नेमका भिवंडीच्याच धक्क्यावर मराठी झाला असें म्हणण्याचा आग्रह येथें धरलेला नाहीं. चौल, दाभोळ, गोवा या सर्व किनाऱ्यावर तो शंभर वर्षांहून अधिक काळ खेळत होता. पण आर्मादा हें फिरंग्यांच्या ताफ्याचें नांव होतें. आपल्या राजाच्या ताफ्यास लावण्याजोगी वस्तु कल्याण-भिवंडीच्या खाडींत प्रथम तयार झाली. परक्याच्या वस्तूचें नांव ऐकणें निराळें आणि तें नांव आपल्या वस्तूस देणें निराळें. हें दुसरें काम १६५७ ते १६५९ या दोन वर्षांतल्या घटनांनीं केलें, असें मला वाटतें.

रूपाचा पुरावा आतां पाहूं. पोर्तुगीजांतून आलेल्या नामांचा शेवटचा आ मराठींत पुष्कळदां गळतो. फीता पासून फीत, पीपा पासून पीप किंवा पिंप, बोंबा पासून बंब. हा नियम निरपवाद नाहीं. बटाट्यानें आपला आ सोडलेला नाहीं. पण आर्मादा वरून आर्माद् हें पहिलें पाऊल सहज आहे. आरंभींच्या र्मा या जोडाक्षराची फोड होऊन आरमाद्, हें दुसरें. राहिला शेवटचा द. पोर्तुगीज द दोन स्वरांमध्यें मृदु उच्चारला जातो, आणि मागें एक र आधींच बसलेला असल्यामुळें त्यास र कडे ओढ लागली. द चा र होणें आपल्या भाषेच्या वळणास अपरिचित नाहीं. एकादश, द्वादश, सप्तदश यांचे अकरा, बारा, सतरा झाले ते याच वाटेनें. काळ निराळा असला तरी कान त्याच जातीचा. कोणी आर म्हणजे टोंचणी आणि मार म्हणजे मारा अशी घरगुती फोड करूं लागेल, तर ती सुचण्याजोगी आहे एवढेंच म्हणतां येईल. तिला इतिहासाचा आधार नाहीं.

आतां हाच शब्द इंग्रजीच्या दारानें आला असता तर काय रूप झालें असतें, याचें उत्तर कल्पनेनें देण्याची जरूर नाहीं, कारण तो त्या दारानेंही आलेला आहे. १५८८ च्या युद्धाची हकीकत शालेय पुस्तकांत येते तेव्हां आपण आर्माडा असें लिहितों. इंग्रजांचा द-सारखा दिसणारा वर्ण मराठी कानास ड असा ऐकूं येतो, आणि छापील शब्दाचा शेवटचा आ कोणी गाळीत नाहीं. आर्मी हें तिसरें रूप. एकाच लॅटिन आर्माता चीं आरमार, आर्माडा आणि आर्मी अशीं तीन मराठी रूपें आज नांदत आहेत. पहिलें खाडीनें आलें, दुसरें पाठ्यपुस्तकानें आणि तिसरें पलटणीच्या छावणीनें.

आरमार शब्द किती लवकर घरचा झाला हें कागदांवरूनच दिसतें. पद्मदुर्गास रसद व पैका पोंचविण्यांत हयगय केल्याबद्दल प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याची महाराजांनीं जी कडक कानउघाडणी केली, तें पत्र प्रसिद्ध आहे. त्यांत हा शब्द अगदीं रोजच्या बोलण्यांतला म्हणून येतो. अर्थ सांगण्याची गरज लिहिणारास भासलेली नाहीं. भिवंडी घेतल्यास तेव्हां पुरतीं वीस वर्षेंही झालेलीं नव्हतीं. याच राजाच्या आज्ञेनें राज्यव्यवहारकोश रचला गेला व यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देण्यांत आले, तरी आरमार जागचा हलला नाहीं. पुढें रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत त्यास राज्याच्या स्वतंत्र अंगाची प्रतिष्ठा मिळाली. आंग्र्यांच्या आणि नंतर धुळपांच्या काळांत सुभा आरमार हें कारभाराचें नांवच होतें. मोल्स्वर्थनें आपला कोश रचला तेव्हां हा शब्द त्यास जुना मराठी शब्द म्हणूनच भेटला असला पाहिजे.

लिंगाचाही विचार करण्यासारखा आहे. पोर्तुगीज आर्मादा स्त्रीलिंगी. मराठी आरमार नपुंसकलिंगी. जहाज, गलबत, तारूं या आपल्या नावांच्या नावांचें लिंग त्यानें उचललें. अर्थ मात्र मूळचाच राखला. आर्मादा म्हणजे एक जहाज नव्हे, तसेंच आरमार म्हणजेही एक जहाज नव्हे. एकट्या नौकेस गुराब म्हणतील, शिबाड म्हणतील, पण आरमार म्हणणार नाहींत. गुराब या शब्दावरून मात्र कोणी लॅटिनाकडे धांव घेऊं नये. तो अरबी असून त्याचा अर्थ कावळा. इंग्रजांनीं त्याचाच ग्रॅब केला. दर्यावर्दी शब्द दिसला कीं तो फिरंगी, हाही एक भाबडेपणाच आहे.

याच्या उलट प्रवास केलेला एक शब्द येथें सांगून पुढें जातों. फारशी लष्कर म्हणजे भूमीवरील सैन्य. पोर्तुगीजांनीं त्यावरून देशी शिपायास लास्कारीं म्हटलें, आणि इंग्रजांनीं लस्कर हें नांव जहाजावरील हिंदी खलाशास दिलें. आमचा भूमीवरचा शब्द त्यांच्याकडे पाण्यांत गेला, आणि त्यांच्या भाषेंत जो जमिनीवर चढला त्याचा भाऊ आमच्याकडे पाण्यावर राहिला.

आतां अलमारी. हस्तलिखितांच्या संग्राहकांस हा शब्द आरमाराहून अधिक जवळचा. त्यांचें सारें वैभव तिच्यांतच बंद असतें. हाही आर्मा चाच वंशज आहे. आर्मारियुम म्हणजे हत्यारें, साधनें ठेवण्याची पेटी किंवा कपाट. त्याचें पोर्तुगीज रूप आर्मारिउ. पण एका शब्दांत दोन र आले कीं त्यांतला एक बदलण्याची प्रवृत्ति पुष्कळ भाषांत असते, तींतून पोर्तुगीजांतच आल्मारिउ असें दुसरें रूप झालें होतें. तेंच आपल्याकडे अलमारी होऊन आलें. इंग्रजांनीं आल्मायरा हा शब्द हिंदुस्थानांत येऊन आपल्याच लोकांकडून उचलला. यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशांत त्याची नोंद आहे. म्हणजे येथें इंग्रज देणारे नसून घेणारे आहेत. ध्वनीची मौज अशी कीं, आरमारांत परक्या द चा र करून दोन र एकत्र आणले, आणि अलमारींत आधींचे दोन र वेगळे केले. नियम शोधणारांनीं यावरून थोडा विनय शिकावा.

युरोपांतील ख्रिस्ती मठांत आर्मारियुम म्हणजे ग्रंथांचें कपाट असाच अर्थ रूढ झाला, आणि पोथ्या सांभाळणाऱ्या भिक्षूस आर्मारियुस म्हणूं लागले. ग्रंथकपाटावांचून मठ म्हणजे शस्त्रागारावांचून किल्ला, अशा अर्थाची एक म्हण बाराव्या शतकापासून तेथें चालत आली आहे; तिची खुबी या दोन शब्दांच्या सारखेपणांत आहे. अशा कपाटाचें एक जुनें चित्र फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयांतील कोडेक्स आमियातिनुस या बायबलाच्या हस्तलिखितांत आहे. हें हस्तलिखित उत्तर इंग्लंडांतील मठांत ७१६ सालापूर्वीं तयार झालें. चित्रांत एज्रा हा धर्मवेत्ता लिहीत बसला आहे, आणि त्याच्या मागें उघड्या कपाटांत नऊ ग्रंथ ठेवलेले दिसतात. ते आजच्यासारखे उभे नसून आडवे ठेवले आहेत, जसे आपल्याकडे रुमालांत बांधून ठेवलेल्या पोथ्यांचे गठ्ठे फडताळांत असतात.

मुख्य मुद्द्याकडे येतों. लॅटिन शब्द मराठींत आले ते निदान दोन दारांनीं, आणि पुष्कळदां एकच शब्द दोन्ही दारांनीं आला. लॅटिन त्रुंकुस म्हणजे झाडाचें खोड. पोर्तुगीजांत त्याचें त्रोंकु झालें, व कैद्याचे पाय अडकविण्याचा लांकडी खोडा, आणि त्यावरून बंदिशाळा, असा अर्थ आला. तोच आपला तुरुंग. खोड वरून खोडा हा आपला अर्थविकासही तसाच आहे. इंग्रजी दारानें तोच शब्द ट्रंक होऊन आला, आणि आपण त्यास कपड्यांची पेटी म्हणतों. कापुत म्हणजे मस्तक. त्यापासून पोर्तुगीज वाटेनें कप्तान, इंग्रजी वाटेनें कॅप्टन. पाकारे म्हणजे शांत करणें. देणेकऱ्यानें धनकोस शांत केलें म्हणजे पैसे चुकते केले, या अर्थानें पोर्तुगीजांत पगार झाला, आणि तोच आपला महिन्याचा पगार. इंग्रजी पे त्याचाच भाऊ. कांपुस म्हणजे मैदान. पोर्तुगीज कांपु वरून कंपू, इंग्रजी कँप वरून पुण्याचा कॅम्प.

यांतील कंपू पारखीच्या दृष्टीनें फार उपयोगी आहे. पोर्तुगीज रूप आहे म्हणून तो शिवकालीन असलाच पाहिजे असें नाहीं. कवायती पायदळाची तुकडी या अर्थानें तो प्रचारांत आला तो महादजी शिंद्यांनीं १७८४ पासून डी बॉईनच्या हातून पलटणी उभारल्या त्या सुमाराच्या काळांत. तेव्हां शाहू महाराजांच्या आरंभींच्या काळच्या म्हणून दाखविल्या जाणाऱ्या कागदांत शिंद्यांच्या धर्तीचा कंपू दिसला, तर तो कागद हातांतून खालीं ठेवण्यास हरकत नाहीं. त्याच कागदांत तुरुंग, पगार, कप्तान किंवा आरमार हे शब्द असले, तर तेवढ्यावरून त्यास दोष देतां येणार नाहीं. अशा शब्दांची छाननी करतांना दालगादो यांचा आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा ग्रंथ जवळ असावा. तो पोर्तुगीजांत १९१३ साली निघाला, आणि त्याचें सोअरिशकृत इंग्रजी भाषांतर बडोद्याहून १९३६ साली प्रसिद्ध झालें. हे दालगादो गोव्याच्या आसगांवचे. परदेशांत बसून त्यांनीं केलेल्या या कामाचा जितका उपयोग मराठी संशोधकांनीं करून घ्यावयास हवा होता, तितका अद्याप झालेला नाहीं.

या कसोटीच्या मर्यादाही ध्यानांत ठेवाव्या. आपल्या हातीं येणाऱ्या कागदांत अस्सलांपेक्षां नकला अधिक. नकलकार कठीण अक्षर सोपें करतो, अपरिचित शब्दाच्या जागीं आपल्या काळचा शब्द घालतो. म्हणून मागाहूनचा शब्द सांपडला तर त्यावरून नकलेचें वय ठरतें, मूळ पत्राचें नाहीं. शिवाय मोडींत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळीत नसल्यामुळें तुरुंग, कंपू अशा शब्दांच्या लेखनांतील फरकावर काळाची इमारत उभारूं नये.

आणि शुद्ध शब्दांनीं हुरळूनही जाऊं नये. नौदल हा शब्द पूर्ण संस्कृत, सुटसुटीत, आणि आज सरकारी व्यवहारांत आरमाराच्या जागीं बसलेला. पण तो इंग्रजी नेव्ही ला प्रतिशब्द म्हणून अलीकडच्या काळांत रूढ झालेला आहे. भिवंडीच्या खाडींतील जहाजांविषयींच्या एखाद्या शिवकालीन म्हणविणाऱ्या पत्रांत आरमार ऐवजीं नौदल लिहिलेलें आढळलें, तर संशय घ्यावा तो त्या पत्राचा.